ग्लायडर शिकताना नजर कुठे ठेवायची?

प्रश्न: मी ४३ वर्षांची आहे. तीन महिन्यांपासून ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, उडवायला शिकते आहे. दोन सीटचं ग्लायडर, मागे प्रशिक्षक आणि विंचच्या (जमिनीवरून दोर गुंडाळून ग्लायडर वर खेचणाऱ्या यंत्राच्या) दोरावर उड्डाण. आतापर्यंत २२ उड्डाणं झाली. वेगाच्या काट्यावर मी सतत लक्ष ठेवते, तरी वेग कमी-जास्त होतच राहतो. वळताना कॅनॉपीवरचा (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावरचा) लोकरीचा धागा हमखास वाकडा होतो आणि मागून ‘पाय, पाय!’ असं ऐकू येतं. उतरताना कधी ग्लायडर आपटतं, कधी टेकायच्या आधीच पुन्हा वर उसळतं, आणि शेवटी प्रशिक्षकच सावरून घेतात. शिवाय दोर मध्येच तुटला तर काय, या विचाराने आदल्या रात्री झोप लागत नाही. माझ्यानंतर आलेला १७ वर्षांचा मुलगा पुढच्या महिन्यात एकटा उडणार आहे. माझं वय आडवं येतंय का? घरी सिम्युलेटरवर सराव केला तर उपयोग होईल का? चालू ठेवू की थांबू?

उत्तर: चालू ठेवा. आणि आधी एक हिशेब मांडून बघा. विंचवर निघालेलं शिकाऊ ग्लायडर साधारण ३०० ते ४०० मीटरवर दोर सोडतं आणि वर चढणारी हवा सापडली नाही तर पाच-सहा मिनिटांत खाली येतं. म्हणजे २२ उड्डाणं मिळून तुमचा हवेतला वेळ जेमतेम दोन तास. त्यातही तुम्हाला छळणारा टप्पा, म्हणजे जमिनीजवळ ग्लायडर सपाट करून टेकवणं, दर वेळी फार तर पाच सेकंदांचा. बावीस पंचे एकशे दहा. दोन मिनिटंसुद्धा पुरी झालेली नाहीत, आणि त्यातला बराचसा वेळ प्रशिक्षकांचा हात स्टिकवर (ग्लायडर चालवायच्या दांडीवर) होता. एवढ्यावर स्वतःला नापास ठरवू नका.

वयाचं उत्तर थोडक्यात देतो. युरोप आणि अमेरिकेच्या नियमांत १४ वर्षांपासून ग्लायडर एकट्याने उडवता येतं. वयाची वरची मर्यादा नाही, फक्त त्या त्या देशाची वैद्यकीय अट पुरी करावी लागते. युरोपात परवान्यासाठी किमान १५ तासांचं प्रशिक्षण आणि ४५ उड्डाणं लागतात. पहिल्या एकट्या उड्डाणापर्यंत ५० ते ८० उड्डाणं होणं ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे, आणि चाळिशीनंतर सुरुवात केली तर आकडा याच्या वरच्या टोकाकडे झुकतो. सतरा वर्षांच्या मुलाचे हात लवकर शिकतात. निर्णयाची शिस्त मात्र त्यालाही तेवढ्याच उड्डाणांतून मिळवावी लागते. वयापेक्षा दोन उड्डाण-दिवसांमधलं अंतर जास्त नडतं. तीन आठवड्यांतून एक दिवस गेलात तर प्रत्येक वेळी पहिली दोन उड्डाणं मागचं आठवण्यातच जातात. सुट्टी काढून सलग चार-पाच दिवस मैदानावर घालवता आले तर फरक तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात अडचणी चार आहेत, पण मूळ बहुधा एकच आहे आणि ते तुम्हीच लिहून टाकलं आहे: ‘वेगाच्या काट्यावर मी सतत लक्ष ठेवते.’ तुमची नजर कॉकपिटच्या आत आहे. ती बाहेर गेल्याशिवाय पायही सुधारणार नाहीत आणि उतरणंही.

काटा मागाहून सांगतो, ही त्यातली गोम आहे. तुम्ही नाक खाली केलं की ग्लायडरला वेग घ्यायला दोन-तीन सेकंद लागतात, काट्याला ते दाखवायला आणखी थोडा वेळ. तेवढ्यात तुम्हाला वाटतं काहीच झालं नाही, म्हणून तुम्ही स्टिक आणखी पुढे लोटता. मग काटा एकदम ताशी ११० किलोमीटरवर जातो, तुम्ही मागे खेचता, तो ७०वर येतो. हा पाठलाग संपत नाही. वेग ठरतो तो नाक क्षितिजापासून किती खाली आहे यावर. सरळ उडताना उपकरणांच्या फळीची वरची कड आणि क्षितिज यांच्यात किती जागा दिसते ते बघा. बोटांनी मोजा हवं तर: चार बोटं, पाच बोटं. ती जागा धरून ठेवा, मनात पाच अंक मोजा आणि मगच काट्याकडे ओझरतं बघा. वेग जास्त वाटला तर जागा अर्ध्या बोटाने कमी करा, पुन्हा पाच अंक मोजा. मग हिरव्या दांड्याचा ट्रिम (स्टिकवरचा दाब हलका करणारी सोय) असा लावा की स्टिक दोन बोटांत धरूनही नाक जागचं हलू नये. मुठीत आवळलेली स्टिक हातातला ताण थेट नाकापर्यंत पोचवते. कानही वापरा. वेग वाढला की हवेचा सळसळाट चढतो, वेग उतरला की कॉकपिट शांत होतं. ती शांतता म्हणजे धोक्याची सूचना.

पुढच्या दोन-तीन उड्डाणांत प्रशिक्षकांना सांगून वेगाचा काटा कागदाने झाकून घ्या. त्यांना मागच्या सीटवर त्यांचा स्वतःचा काटा असतो, त्यामुळे धोका नाही. बहुतेक शिकणारे काटा झाकल्यावर वेग जास्त नीट सांभाळतात.

मग पाय. जगभर शिकवण्यासाठी वापरलं जाणारं एएसके-२१ हे ग्लायडर घ्या: पंखांचा एकूण पसारा १७ मीटर, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत साडेआठ मीटर. तुम्ही स्टिक डावीकडे नेली की उजव्या पंखाच्या टोकाजवळचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली झुकतो. तो पंख जास्त उचल देतो म्हणून वर जातो. पण उचलीबरोबर हवेचा विरोधही वाढतो आणि साडेआठ मीटर लांबीच्या टोकावर तो विरोध नाकाला उजवीकडे ओढतो. ग्लायडर डावीकडे कलतं आणि नाक मात्र उजवीकडे जातं. हे उलटं ओढणं थांबवण्यापुरताच रडर (शेपटावरचा उभा पंखा, जो पेडलने वळतो) लागतो. डाव्या स्टिकबरोबर त्याच क्षणी डावं पेडल. पाय नंतर दाबला तर धागा आधीच वाकडा झालेला असतो.

धागा समोरून येणाऱ्या हवेबरोबर मागे उडतो, नाक आडवं गेलं की वाकडा होतो. त्याचा नियम साधा आहे: धाग्याचं शेपूट ज्या बाजूला गेलं, त्याच्या विरुद्ध बाजूचं पेडल दाबा. शेपूट उजवीकडे, तर डावं पेडल. पण धाग्याकडे बघून पाय दुरुस्त करत बसलात तर पुन्हा काट्यासारखाच पाठलाग सुरू होईल. म्हणून हा सराव करा. क्षितिजावर दूर एखादी खूण निवडा, डोंगराचं टोक किंवा ढगाची कड. नाक तिच्यावर रोखा. आता ग्लायडर डावीकडे १५-२० अंश कलवा, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि नाक त्या खुणेवरून ढळू देऊ नका. पाय उशिरा पडला तर नाक आधी उलटीकडे पळतं, जास्त पडला तर कलाच्या बाजूला सरकतं. डोळ्यांसमोर खूण हलली की चूक कोणती ते लगेच कळतं. सुरुवातीला एकदा दोन्ही पाय पेडलवरून काढून नुसत्या स्टिकने कलवून बघा, नाक उलटं कसं धावतं ते एकदा स्वच्छ दिसू द्या. सहा मिनिटांच्या विंच उड्डाणात या सरावाला फुरसत मिळत नाही. तुमच्या मैदानावर विमानाने ओढून नेण्याची सोय असेल तर दोन-तीन उड्डाणं तशी घ्या. ६०० मीटरवर दोर सोडला की शांत हवेतही सरावाला सात-आठ मिनिटं सलग मिळतात. महाग वाटलं तरी या एका कामासाठी ते पैसे सत्कारणी लागतील.

वळणाच्या क्रमात आधी डोकं फिरतं. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला मान जाईल तितकी मागे वळवून बघा, तिथे दुसरं कुणी नाही ना. मग नजर समोर आणा, मग हात-पाय एकत्र. हवा तेवढा कल आला की स्टिक आणि पेडल दोन्ही जवळजवळ मध्यावर आणा. इथे नवशिके हमखास चुकतात: हात मध्यावर येतो, पाय दाबलेलाच राहतो. नाक क्षितिजावर एकाच उंचीने सरकत राहण्यासाठी स्टिक किंचित मागे लागते. कल वाढू लागला तर स्टिक जरा उलट बाजूला धरावी लागते, कारण बाहेरचा पंख जास्त वेगाने जातो आणि जास्त उचल देतो. वळणातून बाहेर पडतानाही तेच: स्टिक आणि पेडल एकाच बाजूला, एकाच वेळी.

पेडलशी संबंधित एक अगदी साधी गोष्ट तपासा. उड्डाणापूर्वी एक पेडल शेवटपर्यंत दाबून बघा, मग दुसरं. शेवटपर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर पेडल लांब आहेत, ती जवळ घ्या. बूट पातळ तळव्याचे घाला. जाड तळव्यात पेडलचा दाब समजत नाही आणि रुंद बूट कडेला अडकतो. उंची कमी म्हणून पाठीमागे उशी लागत असेल तर ती कडक आणि दाट फोमची हवी. मऊ उशी विंचच्या धक्क्याने दबते, तुम्ही मागे सरकता आणि सरकताना स्टिकही नकळत मागे ओढली जाते. उड्डाणाच्या पहिल्या सेकंदांत याहून वाईट चूक नाही.

वजनाचंही बघून ठेवा. कॉकपिटमधल्या फलकावर पुढच्या सीटचं किमान वजन लिहिलेलं असतं, अनेक ग्लायडरांत ते पॅराशूटसह ७० किलोच्या आसपास असतं. तुमचं वजन त्याखाली असेल तर ठरलेल्या जागी जास्तीची वजनं बसवल्याशिवाय बसायचं नाही. वजन कमी पडलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, ग्लायडर स्टॉलकडे (पंखांची उचल एकदम तुटणं) सहज जातं आणि गिरकीतून (स्टॉल होऊन गोल फिरत खाली जाणं) बाहेर यायला नकार देऊ शकतं.

आता उतरणं. इंजिन नसल्यामुळे ‘जमलं नाही, पुन्हा एक फेरी मारू’ ही सोय नाही. त्यामुळे चांगलं टेकणं हे २०० मीटर उंचीवरच सुरू होतं. धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्या दिशेने जाताना २०० ते २५० मीटर उंची, आणि तिथून पुढे उंचीच्या काट्यापेक्षा उतरण्याची जागा किती कोनात खाली दिसते यावर भरवसा. शेवटचं वळण १०० मीटरच्या वर पुरं झालेलं असावं. या वळणाकडे विशेष लक्ष द्या. उंचीवर तुमचा पाय कमी पडतो, पण जमिनीजवळ आल्यावर माणसाला कलायची भीती वाटते आणि तो कल न वाढवता नुसत्या पायाने नाक वळवू बघतो. तेव्हा धाग्याचं शेपूट वळणाच्या आतल्या बाजूला जातं, आतला पंख मंदावतो, आणि वेग कमी असेल तर तोच पंख आधी स्टॉल होऊन गिरकी सुरू होते. गिरकीतून सुटायचा क्रम तुम्हाला उंचावर शिकवतील: एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट पेडल पूर्ण, मग फिरणं थांबेपर्यंत स्टिक पुढे, थांबल्यावर पेडल मध्यावर आणि हलक्या हाताने बाहेर. पण इतक्या खाली त्याला जागा नसते. म्हणून शेवटचं वळण नीट कलून, धागा सरळ ठेवून आणि उतरण्याचा वेग आधीच धरून घ्या.

तो वेग किती? वेगाच्या तबकडीवर पिवळा त्रिकोण असतो, शिकाऊ दोन-सीटर ग्लायडरांत साधारण ९०च्या आसपास. नेमका आकडा तुमच्या ग्लायडरच्या पुस्तिकेतून घ्या. त्यात समोरच्या वाऱ्याचा निम्मा वेग मिळवा. वारा ताशी २० किलोमीटर असेल तर ९० अधिक १०, म्हणजे १००. हे जास्तीचे १० चैनीचे नव्हेत. जमिनीलगत वारा मंद असतो, त्यामुळे शेवटच्या काही मीटरांत समोरचा वारा अचानक घटतो आणि तेवढाच तुमचा हवेतला वेगही घटतो.

सरळ मार्गावर आल्यावर निळी दांडी हातात, तिने उघडणारे एअरब्रेक (पंखांवर उभ्या राहून ग्लायडर लवकर खाली आणणाऱ्या पट्ट्या) साधारण अर्धे उघडे. अर्धेच का? दोन्हीकडे जागा राहावी म्हणून: लांब जात असाल तर आणखी उघडता येतात, कमी पडत असाल तर मिटता येतात. आता जमिनीवर जिथे पोचायचं त्या जागेकडे बघा. नाक एका ठिकाणी स्थिर असताना ती जागा कॅनॉपीत वर सरकू लागली तर तुम्ही अलीकडेच पडणार, ब्रेक मिटा. खाली सरकून नाकाखाली जाऊ लागली तर पुढे जाणार, ब्रेक उघडा. जागची हलत नसेल तर सगळं ठीक आहे. कमी पडतो आहोत असं दिसल्यावर नाक वर ओढून पल्ला वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो. त्याने पल्ला वाढत नाही. वेग जातो, खाली जाण्याचा दर वाढतो आणि टोकाला स्टॉल. ब्रेक मिटा आणि वेग सोडू नका.

आणि मग ते पाच सेकंद. दुमजली घराइतक्या उंचीवर, पाच-सहा मीटरवर आलात की दोन गोष्टी एकदम करा. एअरब्रेक आहेत तिथे गोठवा, आणि नजर उतरण्याच्या जागेवरून उचलून मैदानाच्या पार शेवटाकडे न्या. तुमची उसळी आणि तुमचं आपटणं, दोन्ही याच क्षणी ठरतं. नजर जवळच्या गवतावर राहिली तर गवत अंगावर धावून येतं, तुम्ही दचकून स्टिक खेचता आणि ग्लायडर फुग्यासारखं वर जातं. किंवा जमिनीची खोली कळतच नाही, तुम्ही उशीर करता आणि ते आपटतं. दूर पाहिलं की मैदान डोळ्यांच्या कडांना हळूहळू वर चढताना दिसतं, आणि उंचीचा अंदाज त्या चढण्यावरूनच येतो. स्टिक थोडी थोडी मागे घ्या, ग्लायडर जमिनीला समांतर झालं की हात थांबवा. आता ते अर्ध्या-एक मीटरवर तरंगतं आहे. वेग उतरतो तसं खाली बसू बघेल; त्याला बसू न देण्याइतकी स्टिक मागे, आणखी थोडी, आणखी थोडी. मुख्य चाक आणि शेपटाचं चाक जवळजवळ बरोबर टेकलं की जमलं.

उसळलात तर स्टिक पुढे ढकलू नका. ढकललीत तर नाकावर आपटाल, पुन्हा खेचाल, आणि तिसरी उसळी दुसरीपेक्षा मोठी असेल. मागे ओढणं फक्त थांबवा, नाक क्षितिजाशी स्थिर करा. उंच गेला असाल तर ब्रेक थोडे मिटा, ग्लायडर पुन्हा खाली येऊ द्या आणि तोच शेवट नव्याने करा. सपाट करताना ब्रेक नकळत आणखी उघडले जाणं हेही आपटण्याचं नेहमीचं कारण आहे: उजवा हात स्टिक मागे घेतो आणि त्याच्या जोडीला डावाही मागे येतो. अनेक ग्लायडरांत एअरब्रेकची दांडी शेवटपर्यंत ओढली की चाकाचा ब्रेक लागतो, म्हणजे चाक अडकलेल्या अवस्थेत टेकणार. डावं कोपर मांडीला किंवा कॉकपिटच्या कडेला टेकवून ठेवलं तर हात जागचा राहतो. टेकल्यावरही काम संपत नाही. ग्लायडर थांबेपर्यंत पायाने सरळ, स्टिकने पंख समतल.

दोराची भीती वाटणं शहाणपणाचं आहे, पण तिला करण्यासारखं काम द्या. आधी हे लक्षात घ्या की दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये मुद्दाम एक कमकुवत कडी ठेवलेली असते, ताकदीनुसार वेगळ्या रंगाची. ताण ग्लायडरला झेपेल त्याच्या पुढे गेला तर पंखांऐवजी ती तुटावी म्हणून. तेव्हा कडी तुटणं म्हणजे बहुतेक वेळा तिने आपलं काम करणं.

उड्डाणापूर्वीची तपासणी तुम्ही करत असालच. त्यातल्या दोन गोष्टी हाताने दाबून खात्री करा: एअरब्रेक बंद आणि कुलूपबंद, कॅनॉपी बंद आणि कुलूपबंद. नुसते मिटलेले दिसणारे ब्रेक वेग आला की हवेच्या ओढीने उघडतात. शेवटी मोठ्याने बोला, ‘दोर तुटला तर: नाक खाली, वेग, मग निर्णय. आज वारा समोरून, अमुक उंचीपर्यंत सरळ पुढेच उतरणार.’ ती उंची दर दिवशी वारा आणि मैदान बघून प्रशिक्षकांबरोबर ठरवा. विंच ओढू लागल्यापासून डावा हात दोर सोडायच्या पिवळ्या मुठीवर. जमिनीवर धावताना पंख खाली जाऊ लागला आणि सावरता येत नाही असं वाटलं तर तो गवताला लागायची वाट बघू नका, त्याच क्षणी दोर सोडा. पंखाचं टोक अडकलं आणि दोर ओढतच राहिला तर ग्लायडर त्या टोकाभोवती फिरून उलटतं. दोर सोडण्यात कमीपणा काहीच नाही, तो पुन्हा लावता येतो.

जमीन सोडल्यावर पहिले काही सेकंद चढण हलकी ठेवा, वेग पक्का झाल्यावर नाक सावकाश वर जाऊ द्या. शेवटची चढण ४० अंशांच्या आसपास असते. जमिनीलगत एकदम उभं केलेलं ग्लायडर दोर तुटल्यावर सावरायला उंचीच शिल्लक ठेवत नाही.

समजा वर जाताना ‘ठक’ असा आवाज आला, ओढ गेली. नाक चाळीस अंश वर, पुढून ओढणारं काही नाही. वेग भराभर उतरतो. स्टिक लगेच पुढे, नाक उतरतानाच्या नेहमीच्या कोनाहूनही थोडं खाली. पोटात गोळा येईल, सीटवरून उचलल्यासारखं वाटेल. हे स्टॉल नाही, नाक खाली जात असल्याची भावना आहे. ती ओळखीची झाली नाही तर माणूस घाबरून आणखी पुढे ढकलतो. आता थांबा. नाक क्षितिजाखाली गेलं म्हणजे वेग आला असं नव्हे. काटा पिवळ्या त्रिकोणापर्यंत चढेस्तोवर वळायचं नाही, ब्रेक उघडायचे नाहीत. दोर तुटण्याच्या प्रसंगात माणसं इथेच चुकतात: कोन बरोबर दिसतो, वेग अजून नसतो, आणि हात ब्रेककडे जातो. वेग आला की पिवळी मूठ दोनदा ओढा, लोंबणारा तुकडा जाऊ द्या. मग विचारा, समोर मैदान पुरेल का? पुरत असेल तर सरळ उतरा, बाकी विचार नको. पुरत नसेल तरच छोटी फेरी.

एकट्याने उडायच्या आधी हा प्रसंग तुमच्याकडून मुद्दाम घडवून घेतला जाईल. तुम्ही वाट बघू नका, आताच मागून घ्या: एकदा खाली, एकदा मध्यावर, एकदा उंच. तीन-चार वेळा हात स्वतःहून पुढे गेला की आदल्या रात्रीची झोपही परत येईल.

सिम्युलेटर वापरा, पण मोजक्या कामासाठी. फेरीचा क्रम, कुठे काय तपासायचं, दोर तुटल्यावरची ‘नाक, वेग, निर्णय’ ही साखळी तिथे चांगली पक्की होते. पेडल नसतील तर वळणांचा सराव करू नका, पाय न लावण्याची सवय लागेल. आणि टेकवण्याचा सराव पडद्यावर होत नाही: डोळ्यांच्या कडांना चढणारी जमीन तिथे दिसत नाही आणि सीटखालचं वजन कळत नाही. त्यापेक्षा मैदानावर स्वतःची पाळी येईपर्यंतच्या वेळात धावपट्टीच्या उतरण्याच्या टोकाजवळ, सुरक्षित अंतरावर उभ्या राहा. येणारं प्रत्येक ग्लायडर ५० मीटरवर असताना मनाशी म्हणा, ‘कमी पडणार’ किंवा ‘लांब जाणार’, आणि ब्रेक कधी उघडतात-मिटतात ते बघा. दिवसाला पंधरा-वीस उतरणी फुकट बघायला मिळतात.

पुढच्या वेळी मैदानावर गेल्यावर, बसण्याआधी, प्रशिक्षकांना तीन गोष्टी सांगा: काटा झाकूया, पाच-सहा मीटरवर आलो की मला मोठ्याने ‘दूर बघ’ म्हणा, आणि आजच्या एका उड्डाणात, मला न सांगता, दोर सोडा. नंतर वहीत दोनच ओळी लिहा: नाक क्षितिजापासून किती बोटं होतं, आणि टेकताना नजर कुठे होती.